दूरध्वनी केंद्रापासून संपर्ककेंद्रापर्यंत : नोंदी, अहवाल आणि मनुष्यबळ नियोजन (विशेष संदर्भ : डहाणू व तलासरी तालुके)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कामगारांच्या इतिहासात गिरणी, गोदी आणि रेल्वे यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने दूरध्वनीसमोर बसून काम करणाऱ्या माणसांकडे इतिहासलेखनाचे लक्ष कमी गेले. संपर्ककेंद्र, म्हणजे बोलीभाषेतील कॉल सेंटर, ही संस्था तर केवळ व्यवस्थापनशास्त्राचा विषय मानली जाते. वस्तुतः या संस्थेला सव्वाशेहून अधिक वर्षांची पूर्वपीठिका आहे आणि तिचे मूळ मुंबईच्या जुन्या दूरध्वनी केंद्रांपर्यंत जाऊन पोहोचते. या प्रदीर्घ काळात तंत्र अनेकदा बदलले, परंतु दोन प्रश्न कायम राहिले. अमुक एका वेळी किती कॉल येतील, आणि ते घेण्यासाठी किती माणसे बसवावीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अहवालातून मिळते व दुसऱ्याचे नियोजनातून. अहवालात ज्या कॉलची नोंद नाही, त्याच्यासाठी नियोजनातही खुर्ची नसते. प्रस्तुत निबंधात या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासला आहे.

मुंबईचे दूरध्वनी केंद्र आणि खुंटीची मोजणी

भारतात खासगी कंपन्यांनी दूरध्वनी केंद्रे उघडण्याची परवानगी प्रथम १८८० मध्ये मागितली. दूरध्वनी ही शासनाची मक्तेदारी आहे, या भूमिकेतून सरकारने ती नाकारली. परंतु १८८१ मध्ये धोरण बदलून ओरिएंटल टेलिफोन कंपनीस परवाना दिला. २८ जानेवारी १८८२ हा दिवस भारतीय दूरध्वनीचा प्रारंभदिन मानला जातो. त्याच वर्षी मुंबईतही केंद्र सुरू झाले. मुंबईची ही व्यवस्था पुढे सहा दशके खासगी कंपनीच्या हाती राहिली व १९४३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

या केंद्रांत प्रत्येक कॉल माणसाच्या हातून जोडला जाई. ग्राहकाने यंत्र उचलले की फळीवर खूण दिसे, ऑपरेटर क्रमांक विचारी व दोरीचे टोक योग्य छिद्रात बसवी. अमेरिकेत सुरुवातीला या कामावर मुलगे होते. त्यांच्या उद्धटपणाला ग्राहक कंटाळले आणि १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन येथे एमा नट या पहिल्या स्त्री-ऑपरेटर कामावर रुजू झाल्या. त्यानंतर हे काम जगभर स्त्रियांचे काम ठरत गेले. ग्राहकसेवेतील 'गोड आवाज' हा गुण वेतनाच्या हिशोबात कधी आला नाही, पण नेमणुकीच्या अटीत मात्र तेव्हापासून आहे.

हाताने चालणाऱ्या केंद्रांत कॉल मोजण्याची रीतही हाताचीच होती. जोडणी झाली की फळीवरील खुंटी एक घर पुढे सरकवायची, आणि तास संपला की पर्यवेक्षकाने खुंटी कोणत्या घरात आहे ते लिहून घ्यायचे. इंग्रजीतील 'पेग काउंट' ही संज्ञा येथूनच आली व दूरसंचाराच्या परिभाषेत आजही टिकून आहे. बाहेरगावच्या कॉलसाठी ट्रंक बुकिंगची पद्धत होती. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार व दर असत. प्रत्येक कॉलचे तिकीट लिहिले जाई. त्यावर नोंदणीची वेळ, जोडणीची वेळ आणि संभाषणाचा कालावधी असे. हे तिकीट मुख्यतः बिलासाठी होते. परंतु नोंदणी आणि जोडणी यांतील अंतर म्हणजेच ग्राहकाला करावी लागलेली प्रतीक्षा होय, आणि ती त्याच कागदावर आपोआप लिहिली जात होती. आजच्या संपर्ककेंद्राच्या अहवालातील बहुतेक रकाने या तिकिटावर बीजरूपाने सापडतात.

पुढे स्वयंचलित केंद्रे आली. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यात उभे राहिले आणि १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर ग्राहकाने स्वतः फिरवण्याची एस.टी.डी. सेवा सुरू झाली. ऑपरेटरचे काम संपले नाही, त्याचे स्वरूप बदलले. १८० वर ट्रंक बुकिंग, १९७ वर क्रमांकाची चौकशी आणि १९८ वर बिघाडाची तक्रार या विशेष सेवा एका पिढीच्या स्मरणात पक्क्या आहेत. आलेला कॉल पुढे जोडून न देता स्वतःच त्याचे उत्तर देणारा कर्मचारी, ही संपर्ककेंद्राची व्याख्या मानली तर १९७ आणि १९८ या सेवा आपल्याकडील आद्य संपर्ककेंद्रेच ठरतात.

एरलांग यांचे गणित

किती ऑपरेटर बसवावेत, हे आरंभी पर्यवेक्षकाच्या अनुभवावर ठरे. या अंदाजाला गणिताचा पाया डेन्मार्कच्या एका गणितज्ञाने दिला. आग्नर क्रारुप एरलांग (१८७८-१९२९) हे १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाले. १९०९ मध्ये त्यांनी संभाव्यताशास्त्र व दूरध्वनी संभाषणे या विषयावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. १९१७ च्या निबंधात त्यांनी दोन सूत्रे मांडली. सर्व वाहिन्या व्यस्त असताना कॉल परत जात असेल तर किती कॉल वाया जातील, हे एक. आणि कॉल रांगेत थांबत असेल तर किती थांबेल, हे दुसरे. १९४६ मध्ये दूरध्वनी-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचेच नाव देण्यात आले.

सूत्राचा आशय एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अर्ध्या तासात १२० कॉल येतात आणि प्रत्येक कॉलला सरासरी २४० सेकंद लागतात असे समजू. एकूण काम २८,८०० सेकंदांचे झाले. अर्ध्या तासात १,८०० सेकंद असतात, म्हणजे हे काम १६ एरलांग इतके आहे. साध्या त्रैराशिकाने १६ माणसे पुरावीत. परंतु कॉल एकामागून एक शिस्तीने येत नाहीत. कधी पाच एकदम येतात, कधी मिनिटभर शांतता असते. म्हणून १६ माणसांवर रांग वाढतच जाते. १७ माणसे बसवल्यास एरलांग यांच्या सूत्रानुसार सरासरी प्रतीक्षा सुमारे ३ मिनिटे येते. १८ बसवल्यास ती एका मिनिटाच्या आसपास उतरते आणि २० बसवल्यास अवघी १५ सेकंद राहते. '८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत' हा संपर्ककेंद्रांत रूढ असलेला निकष या उदाहरणात विसाव्या माणसाला पूर्ण होतो. एका माणसाने पडणारा हा फरक हिशोबनीस मंडळींना सहसा पटत नाही. वीस माणसांपैकी सरासरी चार रिकामी बसलेली त्यांना दिसतात, आणि पहिली कात्री तेथेच लागते.

शिवाय वीस खुर्च्या भरण्यासाठी वीस नेमणुका पुरत नाहीत. साप्ताहिक सुटी सोडून, रजा, आजारपण, प्रशिक्षण, चहा-जेवण यांत वेळेचा ३० टक्के भाग जातो असे धरल्यास हजेरीपटावर २९ नावे लागतात. पाळीचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, आखणे हे या अर्थाने केवळ कारकुनी काम नव्हे.

सूत्राला एक मर्यादाही आहे. प्रतीक्षेच्या गणितात एरलांग यांनी असे गृहीत धरले की, रांगेतला माणूस उत्तर मिळेपर्यंत थांबतोच. प्रत्यक्षात माणसे कंटाळून फोन ठेवतात. स्वीडनचे कॉनी पाल्म यांनी १९४० च्या दशकात ही अधीरता गणितात आणली. तरीही कित्येक ठिकाणी मूळ सूत्रच वापरले जाते, कारण ते सोपे आहे.

यंत्राने लिहिलेला अहवाल आणि रात्रपाळी

१९७३ मध्ये अमेरिकेतील कॉन्टिनेन्टल एअरलाइन्ससाठी रॉकवेल कंपनीने आलेले कॉल आपोआप वाटून देणारी यंत्रणा बसवली. कॉलवाटपाबरोबर नोंदीचे कामही अशा यंत्रांकडे गेले. खुंटी सरकवणारा हात आता मोजला जाऊ लागला. कर्मचारी किती वाजता लॉगिन झाला, किती सेकंद बोलला, किती सेकंद मोकळा होता, किती वेळ जागेवरून उठला, याची नोंद त्याच्या इच्छेविना होऊ लागली. अहवालाचे स्वरूप येथे मूलतः पालटले. तो आता मागणीचा अहवाल राहिला नाही, कर्मचाऱ्याचाही झाला. सरासरी संभाषणकाळ कमी ठेवण्याची सक्ती झाली की अवघड प्रश्न विचारणाऱ्याचा फोन घाईने संपवला जातो. तोच माणूस पुन्हा फोन करतो. आणि अहवालात एका अडचणीऐवजी दोन कॉल, तेही आखूड व समाधानकारक, अशी नोंद दिसते. आकडा सुधारतो, सेवा बिघडते.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर भारतात परदेशी ग्राहकांची संपर्ककेंद्रे झपाट्याने वाढली. मुंबईत मालाड, पलीकडे नवी मुंबई, तसेच पुणे ही त्यांची महाराष्ट्रातील ठिकाणे. अमेरिकेचा दिवस ही येथील रात्र, त्यामुळे नियोजनाची अर्ध्या तासाची चौकट परदेशी घड्याळावर बेतली गेली. राज्यातील १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवण्यास मनाई केली होती. माहिती तंत्रज्ञान व तत्सम सेवांना तीतून सूट देण्यात आली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील एका बीपीओ कंपनीची तरुण कर्मचारी रात्रपाळीसाठी निघाली असता, तिला नेण्यासाठी आलेल्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. रोस्टरमध्ये पाळीची सुरुवात लिहिलेली असते. घर ते खुर्ची हे अंतर कोणाच्या हवाली आहे, हे त्यात लिहिलेले नसते. २०१७ च्या नव्या राज्य कायद्याने स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीत काम करण्याची मुभा दिली, पण संरक्षणाची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकली.

एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत आली. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावरचे हे स्थानक त्यामुळे मुंबईच्या नोकरीबाजाराशी थेट जोडले गेले. तथापि संपर्ककेंद्राच्या भरतीत इंग्रजी वा हिंदी संभाषणाची जी अट असते, तिच्यापुढे वारली बोलीत वाढलेल्या तरुणाला लोकलचा पास फारसा उपयोगी पडत नाही. या परिसराचा संपर्ककेंद्राशी खरा संबंध आला तो नोकरदार म्हणून नव्हे, तर फोन करणारा म्हणून.

पुण्यातील खुर्ची आणि डहाणूचा पाडा

२००४ च्या जानेवारीत केंद्र शासनाने किसान कॉल सेंटर सुरू केले. शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत सल्ला मिळावा, हा त्याचा हेतू. येथे विचारल्या गेलेल्या प्रश्नांच्या नोंदी पीक, जिल्हा, तालुका व दिनांक यांसह शासनाच्या खुल्या माहिती-संकेतस्थळावर ठेवल्या जातात. डहाणू-घोलवडच्या चिकू बागायतीवर संशोधन करणाऱ्यासाठी हा दस्तऐवज मोलाचा ठरू शकतो. मात्र तो वापरताना १ ऑगस्ट २०१४ ही तारीख ध्यानात ठेवावी लागते. त्या दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत डहाणू व तलासरी यांचे सर्व आकडे ठाणे जिल्ह्यात धरले जात.

जीवनमरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची सेवा म्हणजे १०८. आंध्र प्रदेशात २००५ मध्ये सुरू झालेली ही कल्पना महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. राज्यभर ९३७ रुग्णवाहिका आणि त्या सर्वांसाठी पुण्यात औंध येथे एकच प्रतिसाद केंद्र, अशी तिची रचना होती. एकाच केंद्राची निवड गणिताला धरूनच आहे. वर दिलेल्या उदाहरणातील वीस माणसे दहा-दहांच्या दोन स्वतंत्र केंद्रांत विभागली आणि कॉलही निम्मे-निम्मे केले, तर सरासरी प्रतीक्षा १५ सेकंदांवरून सुमारे ४९ सेकंदांवर जाते. मनुष्यबळ एकत्र ठेवणे स्वस्त पडते व फोन लवकर उचलला जातो.

परंतु हे गणित फोन उचलण्यापुरते आहे. पुढचा प्रश्न असतो, 'आपण कुठून बोलता?' डहाणू आणि तलासरी येथे वस्ती गावात एकवटलेली नसून पाड्यांत विखुरलेली आहे. पाटीलपाडा हे नाव एकाच तालुक्यात अनेक गावांत आढळते. पाड्याला जाणारा रस्ता कोठे संपतो, पावसाळ्यात कोणता ओढा अडवतो, हे महसुली यादीत नसते. फोन करणारी व्यक्ती वारली बोलते, समोरची व्यक्ती प्रमाण मराठी. अशा कॉलला चार मिनिटांऐवजी आठ मिनिटे लागली, तर राज्याच्या सरासरीत तो एक अपवाद म्हणून विरून जातो. नियोजन सरासरीवर होते आणि अपवादाला सरासरीइतकाच वेळ दिलेला असतो. तलासरीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत संभवते. या तालुक्याला गुजरात आणि दादरा-नगर हवेली हे दोन्ही प्रदेश भिडलेले आहेत व दूरसंचाराच्या विभागणीत ते गुजरात सर्कलमध्ये मोडतात. आपत्कालीन क्रमांकाचा कॉल मोबाईल ज्या मनोऱ्याशी जोडलेला असेल त्या सर्कलप्रमाणे जातो. सीमेवरील फोनने पलीकडचा मनोरा पकडला तर तो कॉल औंधला न जाता परराज्यातील केंद्रात जाईल, आणि महाराष्ट्राच्या अहवालात त्याचा मागमूसही उरणार नाही. १९६० च्या राज्यनिर्मितीने आखलेली रेषा मनोऱ्यांना कळत नाही.

एकत्रीकरणाच्या उलट दिशेचा प्रयोग करोनाकाळात मुंबईत घडला. २०२० च्या आरंभीच्या महिन्यांत रुग्णालयातील खाटेसाठी महापालिकेच्या १९१६ या मध्यवर्ती क्रमांकावर प्रचंड ताण आला. इक्बालसिंह चहल मे २०२० मध्ये महापालिका आयुक्त झाले व जूनमध्ये २४ प्रशासकीय विभागांत स्वतंत्र युद्धकक्ष, म्हणजे वॉर रूम, उघडण्यात आले. चाचण्यांचे अहवाल प्रयोगशाळांनी महापालिकेकडे द्यावयाचे, ते पहाटे विभागवार वाटले जावयाचे आणि मग विभागाच्या कक्षाने स्वतः रुग्णाला फोन करावयाचा, असा क्रम बसवला गेला. एरलांग यांच्या दृष्टीने २४ लहान रांगा ही उधळपट्टीच ठरावी. तरीही ती व्यवस्था उपयोगी ठरली याची दोन कारणे दिसतात. विभागातील कर्मचाऱ्याला गल्ली, चाळ व दवाखाना ठाऊक असल्याने प्रत्येक कॉल लवकर मार्गी लागे. दुसरे असे की, फोन येण्याची वाट न पाहता यादीवरून फोन केला गेल्यामुळे कामाचा ओघ कक्षाच्या हाती राहिला. येणाऱ्या कॉलचे रूपांतर जाणाऱ्या कॉलमध्ये झाले, हा मनुष्यबळ नियोजनातील मोठा बदल होता. वर्तमानपत्री वर्णनांत 'मुंबई प्रारूप' म्हणून त्याची स्तुती झाली, पण या अंगाची चर्चा विशेष झाली नाही.

नोंद न झालेली मागणी

संपर्ककेंद्राच्या दैनंदिन अहवालात आलेले कॉल, घेतलेले कॉल आणि सुटलेले कॉल असे तीन आकडे प्रामुख्याने असतात. सुटलेला कॉल म्हणजे रांगेत थांबून ग्राहकाने ठेवून दिलेला. परंतु ज्याला सर्व वाहिन्या व्यस्त असल्याचा सूर ऐकू आला, तो रांगेपर्यंत पोहोचलाच नाही. आणि ज्याच्या पाड्यावर सिग्नलच नाही, त्याचा कॉल कोणत्याही यंत्राला दिसला नाही. पुढील वर्षाचे मनुष्यबळ मात्र या वर्षी आलेल्या कॉलवरून ठरते. ज्या भागातून कॉल कमी, तेथे गरज कमी, असा निष्कर्ष नकळत काढला जातो.

डहाणू-तलासरीच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. ज्या वेठबिगारीविरुद्ध २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र आले आणि पुढे गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला, त्या वेठीची हजेरी कोणी मांडत नसे. काम होते, हजेरीपट नव्हता. त्यानंतरच्या काळात रोजगार हमी योजनेने नेमका या बाजूने बदल घडवला. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क बनली व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हे तिचे सूत्र. येथेही मनुष्यबळाचे नियोजन मागणीच्या नोंदीवरच अवलंबून आहे. मागणी किती व कोणत्या गावातून, हे कळले तरच हाती घ्यावयाच्या कामांची यादी तयार ठेवता येते. फरक एवढाच की, या कायद्याने नोंदीचा पुरावा मागणी करणाऱ्याच्या हाती दिला. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचे आणि त्याला तारीख घातलेली नमुना ५ ची पोच मिळायची. पोच नसेल तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हे ठरत नाही, आणि भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणूनच आदिवासी भागातील मजूर संघटनांचा आग्रह कामाइतकाच पोचपावतीसाठीही राहिला. ग्रामसेवकाने अर्ज तोंडी ऐकून घेणे व पोच न देणे, याचा परिणाम अहवालात 'मागणी नाही' असा उमटतो, हे त्यांना सूत्रावाचून कळले होते.

संपर्ककेंद्रात या पोचेला समांतर अशी गोष्ट म्हणजे तक्रार-क्रमांक. परंतु तो फोन उचलला गेल्यावर मिळतो. १९५० च्या दशकातील ट्रंक कॉलच्या तिकिटावर नोंदणीची वेळ जोडणीच्या आधी लिहिली जात होती. कॉल जोडला गेला नाही तरी तिकीट उरत होते. औंधच्या दिशेने लावलेला आणि न लागलेला फोन तलासरीच्या पाड्यावर केवळ त्या मोबाईलच्या 'डायल केलेले क्रमांक' या यादीत राहतो, आणि पुढील काही कॉलनंतर तेथूनही निघून जातो.